नव्या नगराचें जुनें देणें

शहर कसें वाढतें याविषयीं लोकांच्या मनांत दोन कल्पना असतात. पहिली वृक्षाची. बीज पडतें, अंकुर फुटतो, पाऊसपाणी मिळेल तशा फांद्या पसरतात, आणि शंभर वर्षांनीं त्या वृक्षाकडे पाहणारास तो येथेंच व असाच कां वाढला हें सांगतां येत नाहीं. दुसरी कल्पना इमारतीची. आधीं कागदावर रेघा, मग रेघांवर रस्ते, मग रस्त्यांवर घरें, आणि सर्वांच्या शेवटीं माणसें. पुणें, नाशिक, पैठण हीं पहिल्या जातीचीं शहरें होत. ज्यांस आपण नियोजित नगरें म्हणतों तीं दुसऱ्या जातीचीं. या दुसऱ्या जातीविषयीं एक प्रश्न आमच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत आहे. तो स्थापत्याचा नाहीं, आणि सर्वस्वीं अर्थशास्त्राचाही नाहीं. तो नीतीचा आहे. कागद कोरा असतो, जमीन कधींच कोरी नसते. मग कोऱ्या कागदावर रेघ ओढणाराचें त्या रेघेखालीं आधींपासून नांदणाऱ्या माणसांशीं कोणतें नातें जडतें? आणि पुढें त्या रेघेवरच्या घरांत जे सुखानें येऊन राहतात, ज्यांत आमचीही गणना आहे, त्यांच्याकडे त्या नात्याचा कांहीं अंश येतो कीं नाहीं?

असे प्रश्न हवेंत सोडविले म्हणजे त्यांचीं उत्तरेंही हवेंतच राहतात. म्हणून आम्ही आमच्या दाराजवळचेंच उदाहरण घेतों. मुंबईच्या पूर्वेस, खाडीपलीकडे, ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील सुमारें ३४४ चौरस किलोमीटर भूमीवर नवी मुंबई हें नगर गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत उभें राहिलें. मूळ मुंबई दक्षिणोत्तर चिंचोळी. कचेऱ्या दक्षिणेच्या टोकास, राहणारे उत्तरेस. त्यामुळें रोज सकाळीं सारें शहर एका दिशेनें लोटतें आणि सायंकाळीं उलट फिरतें. १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनीं ‘मार्ग’ या नियतकालिकांतून असें सुचविलें कीं, ही उत्तरेकडची ओढ मोडावी व खाडीपलीकडे जोडशहर वसवावें. सूचना विचारी माणसांस पटली. १७ मार्च १९७० रोजीं शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच ज्यास सारे सिडको म्हणून ओळखतात तें, स्थापन झालें. वीस लाख माणसांस नीट राहतां येईल असें नगर वसविण्याचा त्याचा संकल्प होता.

संकल्पाप्रमाणें सारें घडलें नाहीं, हेंही येथेंच सांगून टाकलें पाहिजे. राज्याचें मुख्य सचिवालय खाडी ओलांडून आलें नाहीं. उलट त्याच काळांत नरिमन पॉईंटच्या भरावावर नव्या कचेऱ्या चढत गेल्या. खाडीवर पूल झाला, कांदे-बटाट्यांची घाऊक बाजारपेठ मुंबईंतून इकडे हलली, तरी बरींच वर्षें नवें नगर अर्धें रिकामेंच होतें. १९९२ सालीं मानखुर्दहून वाशीपर्यंत आगगाडी आली, त्याच वर्षाच्या आरंभापासून महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला, आणि मग मात्र माणसांचा लोंढा थांबला नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत एकट्या महानगरपालिकेच्या हद्दींतच ११ लाखांवर वस्ती मोजली गेली. २०२४ सालीं समुद्रावरून अटल सेतु आला, २०२५ सालीं विमानतळाचें उद्घाटन झालें. रस्ते रुंद, पदपथ झाडांच्या सावलीचे, शाळा व दवाखाने घरापासून फार लांब नाहींत. चाळीच्या एका खोलींत जन्म काढलेल्या कितीएक कुटुंबांस येथें पहिल्यानें स्वतःची खिडकी मिळाली. हें पुण्य लहान नव्हे. योजनेची थट्टा करणारांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं.

परंतु पुण्याचा खर्च कोणाच्या गांठचा, हें विचारण्याचा अधिकार थट्टेहून वेगळा आहे. एबेनेझर हॉवर्ड या इंग्रज गृहस्थानें १८९८ सालीं उद्यान-नगरांची कल्पना जगापुढें मांडिली. लोकांच्या ध्यानांत त्यांतल्या बागा तेवढ्या राहिल्या. वस्तुतः तिचें मर्म हिशेबांत होतें. शेतजमीन शेताच्या भावानें घ्यावी. तिच्यावर नगर वसलें म्हणजे तिचें मोल अनेक पटींनीं वाढतें. तें वाढलेलें मोल कोणा जमीनदाराच्या खिशांत न जातां नगराच्याच कारणीं लागावें. आमच्या महामंडळानें हाच हिशेब आपल्या परीनें उचलला. जमीन घ्यावी, ती विकसित करून विकावी, आणि त्या पैशांतून रस्ते, गटारें, पूल व बागा कराव्या. हिशेब म्हणून तो निर्दोष आहे. भेद एवढाच कीं, हॉवर्डच्या पहिल्या नगराची जमीन राजीखुशीनें विकत घेतलेली होती; येथें ती कायद्यानें घेतली गेली. आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याची रीत अशी होती कीं, अधिसूचना निघाली त्या दिवसाचा भाव हाच खरा भाव. ज्या कामासाठीं जमीन घेतली त्या कामामुळें पुढें जें मोल वाढेल, तें मोबदल्याच्या हिशेबांत धरावयाचें नाहीं. अर्थात् नगर वसल्यानें होणारा लाभ सर्वांस मिळावयाचा, फक्त ज्याच्या शेतांत तें वसणार त्यास मात्र नाहीं.

यावर बुद्धिवान् माणसाचें उत्तर तयार असतें. तो म्हणतो, “तें वाढलेलें मोल शेतकऱ्यानें थोडेंच निर्माण केलें? तें योजनेनें निर्माण केलें; म्हणून तें योजनेचें.” या उत्तरांत अर्धें सत्य आहे, आणि अर्धें सत्य हें नेहमींच पूर्ण असत्याहून अधिक दिवस टिकतें. ही भूमि कशी होती तें पाहा. ठाण्यापासून उरणपर्यंत खाडीच्या कांठानें भातखाचरें, मिठागरें व कोळीवाडे पसरलेले होते. आगरी माणसानें पिढ्यान् पिढ्या समुद्राशीं झगडून बांध घातले, उघाड्या बसविल्या, भरतीचें खारें पाणी बाहेर ठेवून आंत भात पिकविलें, आणि जेथें भात होईना तेथें त्याच पाण्यापासून मीठ पिकविलें. बांध एका घराचा नसतो. तो फुटला तर साऱ्या गांवाचें शेत जातें, म्हणून तो साऱ्या गांवानें राखावयाचा. म्हणजे ज्या भूमीस योजनेनें ‘ओसाड, दलदलीची’ म्हटलें, तीपैकीं पुष्कळशी स्वतःच एका जुन्या योजनेचें फळ होती. फरक इतकाच कीं त्या योजनेचा नकाशा कोणीं छापला नव्हता.

आणखी एक गोष्ट इतिहासानें क्रूरपणें जुळवून आणली. या टापूंत कित्येक शेतकरी हे पूर्वीं सावकारांचीं व खोतांचीं कुळें होते. कुळकायद्याखालीं १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणाराच्या नांवावर जमीन होऊं लागली. सात-बाराच्या उताऱ्यावर ज्या घराण्याचें नांव पिढ्यान् पिढ्यांत प्रथमच चढलें, त्यास त्या शाईचा आनंद भोगण्यास उणींपुरीं तेरा वर्षें मिळालीं. १९७० सालीं अधिसूचना निघाल्या. एका हातानें सरकारनें म्हटलें, ‘कसेल त्याची जमीन’. दुसऱ्या हातानें म्हटलें, ‘सार्वजनिक प्रयोजनासाठीं जमीन पाहिजे’. दोन्ही वाक्यें न्यायाचीं आहेत. परंतु दोन न्याय एकाच माणसावर लागोपाठ आले म्हणजे त्यांची बेरीज न्याय होतेच असें नाहीं.

मग जें व्हावयाचें तें झालें. जासईचे सुपुत्र व शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले, आणि जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच शेतकरी प्राणांस मुकले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्राचे विकसित भूखंड मूळ मालकांस परत द्यावे, ही पुढें १९९० पासून अमलांत आलेली योजना त्या रक्ताशीं जोडलेली आहे. आज नगररचनेचे अभ्यासक ‘साडेबारा टक्के’ हा शब्द एखाद्या व्याजदराप्रमाणें उच्चारतात. आम्हांस मात्र तो उच्चारतांना थांबावेंसें वाटतें. त्या आंकड्यानें जमिनीच्या वाढत्या मोलांत शेतकऱ्याचा कांहीं तरी भाग आहे हें तत्त्व प्रथमच मान्य झालें. परंतु तें मान्य करण्यास वीस वर्षें व पांच जीव लागले. जें तत्त्व न्यायाचें होतें तें पहिल्याच दिवशीं न्यायाचें होतें. आणि मोबदला मालकास मिळाला. ज्याच्या नांवावर उतारा नव्हता तो मजूर, मिठागरावरचा कामकरी, खाडींत जाळें टाकणारा कोळी, टोपली घेऊन बाजारास जाणारी कोळीण, यांच्या हानीचें माप कोणत्या टक्क्यानें घ्यावयाचें? खाडीचा सात-बारा नसतो.

येथवर जें सांगितलें तें जमिनीचें झालें. आमच्या मतें या प्रश्नाचें खरें मूळ जमिनीहून खोल आहे, आणि तें एका शब्दांत सांपडतें. तो शब्द म्हणजे ‘गरज’. या भागांत फिरणारास ‘गरजेपोटीं बांधलेलीं घरें’ हा शब्दप्रयोग ठायीं ठायीं ऐकूं येतो. गांवाभोंवतालची शेतजमीन संपादित झाली, गांवठाणाची सीमा मात्र होती तेथेंच राहिली. एका घरांत दोन भाऊ होते. त्यांचीं लग्नें झालीं, मुलें झालीं, मुलांचीं लग्नें झालीं. ज्या शेतांत पूर्वीं दुसरें घर उभें राहिलें असतें तें शेत आतां कागदोपत्रीं दुसऱ्याचें. तेव्हां त्यांनीं अंगणांत, परसांत, आणि पुढें सीमेपलीकडच्या त्याच आपल्या जुन्या जमिनीवर घरें चढविलीं. कायद्यानें त्या घरांस ‘अनधिकृत’ म्हटलें. गांवानें ‘गरजेपोटीं’ म्हटलें. एकाच भिंतीचीं हीं दोन नांवें आहेत, आणि साऱ्या नियोजनाची नैतिक परीक्षा या दोन नांवांच्या मध्यें उभी आहे. मुंबईच्या लाखों लोकांस घर पाहिजे होतें, तीही गरजच होती. तिला आपण ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हटलें आणि तिच्यासाठीं कायदा केला. गांवकऱ्याच्या नातवास घर पाहिजे होतें. त्या गरजेस आपण अतिक्रमण म्हटलें आणि तिच्यासाठीं नोटीस काढली.

याच संबंधांत बेलापूरचें एक उदाहरण आमच्या मनास फार लागतें. १९८० नंतरच्या दशकांत तेथें चार्ल्स कोरिया यांनीं महामंडळासाठीं ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ ही वसाहत रचली. सात सात घरें एका लहानशा अंगणाभोंवतीं बसविलीं, आणि शेजाऱ्याशीं एकही भिंत सामायिक ठेविली नाहीं. हेतु असा कीं, कुटुंब वाढेल तसें प्रत्येकास आपलें घर वाढवितां यावें. घर ही वाढणारी वस्तु आहे, तीस वाढण्यास जागा ठेवणें हें रचनाकाराचें कर्तव्य आहे, हा केवढा मनुष्यधर्मी विचार! साऱ्या जगांतील वास्तुशास्त्रज्ञांनीं त्याची वाखाणणी केली, आणि ती योग्यच आहे. परंतु तेंच वाढतें घर आमच्या योजनेनें आपल्या रेघेच्या आंत सद्गुण मानलें, आणि त्याच नगराच्या जुन्या गांवठाणांत अपराध मानला. ज्ञानाचा अभाव होता असें म्हणावयास जागा नाहीं. घर वाढतें हें योजनाकारांस ठाऊक होतें. कोणाचें घर वाढतें हें त्यांनीं ठरवून टाकलें होतें.

पॅट्रिक गेडीस हा थोर नगररचनाकार या शतकापूर्वींच्या हिंदुस्थानांत गांवोगांव हिंडला, आणि मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा अध्यापकही होता. त्याच्या शिकवणींतला मुख्य मुद्दा असा कीं, औषधापूर्वीं निदान पाहिजे, आणि जुन्या वस्तीवर शस्त्र चालवावयाचें तर जेवढें वांचवितां येईल तेवढें वांचवून चालवावें. नवी मुंबई वसविणारांनीं गांवें उठविलीं नाहींत. बहुतेक गांवठाणें जेथल्या तेथें ठेविलीं, हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे. परंतु वांचविणें आणि सामावून घेणें यांत अंतर आहे. भिंतीभोंवतीं रेघ आखून ‘हें सोडून’ असें लिहिलें म्हणजे गांव वांचतो. पण तो नगराचा अवयव होत नाहीं, नगरांतला कांटा होतो.

या अंतराची साक्ष नांवांतही सांपडते. वाशी, कोपरखैरणें, घणसोली, नेरूळ, बेलापूर हीं नांवें कोणा योजनाकारानें शोधून काढलेलीं नव्हत; तीं गांवांचीं आहेत. नगरानें जमिनीबरोबर तीं नांवेंही घेतलीं. आतां ‘वाशी’ म्हटलें म्हणजे स्टेशन, बाजार व चौरस सेक्टर डोळ्यांपुढें येतात. आणि मूळच्या वाशीस आपली ओळख पटविण्यासाठीं ‘वाशीगांव’ म्हणवून घ्यावें लागतें. वडिलांचें नांव पाहुण्यानें घ्यावें आणि घरधन्यानें आडनांव लावून ओळख सांगावी, असा हा प्रकार आहे.

येथें न्यायाच्या दुसऱ्या पारड्यांतही कांहीं टाकलें पाहिजे, नाहीं तर आमचा लेख वकिली ठरेल. पहिली गोष्ट, महामंडळानें जमीन घेतली नसती तर ती गांवाकडेच राहिली असती असें समजणें भाबडेपणाचें आहे. पूल येणार हें कळतांच दलाल आले असते, आणि शेतकऱ्याच्या हातीं टक्के नव्हे, एकदांची रोख रक्कम पडून ती दोन लग्नांत संपली असती. दुसरी गोष्ट, गरजेपोटीं बांधलेलीं सारींच घरें गरजेपोटीं बांधलेलीं नाहींत. गरजेच्या आडोशानें पुष्कळ ठिकाणीं बांधकामाचा व्यापार शिरला; दोन माणसें समोरासमोर आलीं तर अंग चोरावें लागेल अशा गल्ल्यांत उंच उंच मजले चढले, ज्यांत आगीचा बंब शिरणार नाहीं व ज्यांचा पाया कोणीं तपासलेला नाहीं. त्यांत भाड्यानें राहणारा गरीब हाही मनुष्यच आहे. अन्यायाचा बळी झालेला मनुष्य त्या एका कारणानें सर्व बाबतींत निर्दोष होत नाहीं. पण या दुसऱ्या गोष्टींतूनच आमचा मुद्दा अधिक बळकट होतो. खऱ्या गरजेस जेव्हां सरळ दार उघडें नसतें, तेव्हां ती भिंत फोडून शिरते. आणि भिंत एकदां फुटली कीं तिच्यांतून गरजेच्या मागोमाग लोभही आंत येतो. गांवठाणाच्या वाढीचा नकाशा नगराच्या नकाशाबरोबरच, त्याच दिवशीं व त्याच टेबलावर काढला गेला असता, तर आज गरज व लोभ वेगळे ओळखतां आले असते.

आतां आम्ही आमच्याकडे वळतों, कारण दुसऱ्याचें देणें मोजणें सोपें असतें. आमच्यासारखा नवा रहिवासी म्हणेल, “आम्ही घराची पूर्ण किंमत मोजली. कर्ज काढलें, वीस वर्षें फेडलें. आमच्याकडे कोणाचें काय देणें?” कायद्याच्या दृष्टीनें हें बिनतोड आहे. परंतु मनुष्य ज्या वस्तूची किंमत देतो ती वस्तु त्याची होते. ज्याची किंमत कधीं ठरलीच नाहीं त्याचें काय? एकदां संध्याकाळच्या फेरींत बागेच्या बाकावर एका वृद्ध गांवकऱ्याशीं आमची गांठ पडली. सहज बोलतां बोलतां त्यांनीं समोरच्या इमारतींकडे हात करून सांगितलें कीं, तेथें त्यांचें खाचर होतें आणि जेथें आपण बसलों आहों तेथें बांध. स्वरांत तक्रार नव्हती. जणुं पाहुण्यास घर दाखवीत होते. आम्ही मात्र त्या बाकावरून उठलों तें कांहीं तरी घेऊन उठलों. आमच्या सातव्या मजल्याच्या खिडकींतून येणारा वारा त्या बांधावरून येत असे, आणि त्याची पावती आमच्या कोणत्याही कागदपत्रांत नाहीं.

हें देणें पैशाचें नाहीं, म्हणून तें पैशानें फिटत नाहीं. पण म्हणून तें नाहींच असेंही होत नाहीं. आपल्या शास्त्रांत ऋणांची जी कल्पना आहे तिचें वैशिष्ट्य हेंच कीं, तीं ऋणें मनुष्यानें मागून घेतलेलीं नसतात. तो जन्मतःच त्यांत असतो, आणि तीं फेडावयाचीं तीं वागणुकीनें. नव्या नगरांत येऊन राहणें हाही एक जन्मच आहे. मग त्या ऋणाची फेड कशी? गांवठाणाचें गटार तुंबलें तर तो ‘गांवाचा घाणेरडेपणा’ न मानतां आपल्याच नगराचें तुंबलेलें गटार मानणें; कोळ्यांच्या होड्यांची जागा सुशोभनाच्या नकाशांत पुसली जात असेल तर आपल्या सभेंत त्याविरुद्ध बोलणें; गांवदेवीची पालखी रस्त्यानें निघाली तर वाहतुकीचा खोळंबा म्हणून कपाळाला आठ्या न घालणें; आणि गरजेपोटींच्या घरांविषयीं सरकार वेळोवेळीं निर्णय काढतें तेव्हां, ‘अतिक्रमण करणारांस बक्षीस’ अशा एका वाक्यांत तो विषय न मिटविणें. गोष्टी लहान आहेत. पण शेजारधर्म लहान गोष्टींचाच असतो.

हा सारा विचार गतकाळाविषयींचा असता तर आम्ही वाचकांचा इतका वेळ घेतला नसता. परंतु तोच प्रश्न आतां पुढच्या गांवांच्या वेशीवर उभा आहे. विमानतळाभोंवतालच्या ‘नैना’ क्षेत्रांत रीत कांहींशी बदलली आहे. तेथील नगररचना योजनांत शेतकऱ्याच्या जमिनीपैकीं चाळीस टक्के विकसित भूखंड म्हणून त्याच्याकडेच राहतात. साडेबाराहून चाळीस हा आंकडा मोठा आहे, आणि मालकास हिशेबांत आरंभापासून धरणें ही तर त्याहून मोठी सुधारणा आहे. अटल सेतूच्या पलीकडे उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गांवांच्या भूमीवर तिसऱ्या मुंबईसाठीं २०२४ सालीं प्राधिकरण नेमलें गेलें आहे. तेथील नकाशांवर रेघा पडतील तेव्हां टक्का किती यावर पुष्कळ भांडण होईल, व तें व्हावेंही. आमची विनंति टक्क्याच्या आधींची आहे. नकाशा काढणारानें प्रथम गांवांत जावें, घरें मोजावीं, घरांतलीं मुलें मोजावीं, आणि तीं मुलें पंचवीस वर्षांनीं कोठें राहतील हें नकाशावर सर्वांत आधीं लिहावें. मागाहून येणाऱ्या लाखोंची सोय त्यानंतर.

नवें नगर वसविणें हें सत्कार्य आहे. पण ज्याच्या अंगणांत तें वसवावयाचें त्याच्या घराची वाढ खुंटवून तें वसविलें, तर त्या नगराच्या रुंद रस्त्यांवरून चालतांना विचारी माणसाचें पाऊल कोठें तरी अडखळणारच. तें अडखळावें, एवढीच आमची इच्छा आहे. कारण जेथें पाऊल अडखळतें तेथें मनुष्य खालीं पाहतो, आणि खालीं पाहिलें कीं जमीन कोरी नव्हती हें दिसतें.